हाताचा पीळ

व्हँकुव्हरच्या विमानतळावर परदेशी विमानातून उतरून इमिग्रेशनच्या रांगेकडे निघालं, की लाल सीडरच्या लाकडात कोरलेली एक अवाढव्य तबकडी समोर येते. तिचा व्यास ४.८ मीटर आहे. मुलांकडे पहिल्यांदाच निघालेले आपल्याकडचे आईवडील तिच्यासमोर फोटो काढतात, त्यातला गरुड एकमेकांना दाखवतात आणि पासपोर्ट चाचपत पुढे जातात. ही तबकडी म्हणजे टकळीची चकती आहे. मस्क्वीम समाजातल्या शिल्पकार सुझन पॉइंट यांनी १९९५ मध्ये ती घडवली. विमानतळाची जमीन मूळची मस्क्वीम लोकांची, आणि येणाऱ्याच्या स्वागताला तिथे सूत कातायचं हत्यार मांडलेलं आहे.

खऱ्या चकत्या वीतभर रुंदीच्या असत. आपल्या टकळीच्या मानाने त्याही मोठ्याच, आणि दांडी तर चांगली लांब. एवढं मोठं हत्यार लागायचं, कारण त्यावर जाड धागा काढायचा होता. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोस्ट सॅलिश या मूळच्या लोकांतल्या (मस्क्वीम त्यांच्यातलेच) बायका या धाग्याची ब्लँकेटं विणत. त्यांच्या पणत्या-खापरपणत्यांनी पुढे त्याच हाताने मेंढीची लोकर कातली आणि तिचे स्वेटर केले. काउइचन या नावाने ते जगभर ओळखले जातात. त्यांचा धागा एका जागी करंगळीएवढा जाड आणि पुढच्या टीचभरात निम्मा होणारा. हा लेख त्या धाग्याबद्दल आहे.

मी ज्या घरात विणायला शिकले तिथे अशा धाग्याला थारा नव्हता. आत्या लोकर घ्यायला गेली की गुंड्याचा दोन-चार हात धागा सोडून, अंगठा आणि तर्जनीतून सरकवून पाहायची. कुठे फुगवटा लागला की गुंडा परत काउंटरवर. बाळंतविड्यातलं टोपडं असो की काकांचा बिनबाह्यांचा स्वेटर, टाका टाक्यासारखा यायला हवा. कुणी विणलेलं उलटसुलट करून पाहिलं आणि ‘अगदी मशीनवरचं वाटतंय’ म्हटलं, की तिचा दिवस सार्थकी लागायचा. मराठी घरांतल्या विणणाऱ्या बायकांना मिळणारी ही सर्वांत मोठी शाबासकी. इतकं कौशल्य कमावून शेवटी यंत्राशी बरोबरी झाली म्हणून आनंद मानायचा, याचं मला पुढे फार वाईट वाटू लागलं.

यंत्राने ही मापं ठरवली, हे खरं. इंग्लंडमध्ये १७३८ साली रुळांतून कापूस ओढून कातायच्या यंत्राचं पेटंट निघालं, १७६९ मध्ये आर्कराइटने आपलं घेतलं, आणि तेव्हापासून सूतगिरणीचं सगळं शहाणपण एकाच गोष्टीमागे लागलं : धागा पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत सारखा हवा. आज इचलकरंजीत सूत घेणारा व्यापारी थिक, थिन आणि नेप्स हे तीन आकडे सहज विचारतो. एक किलोमीटर सुतात सरासरीपेक्षा ५० टक्के जाड अशा जागा किती, ५० टक्के बारीक किती, आणि २०० टक्क्यांच्या वरच्या गुठळ्या किती, याची ती मोजणी. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावच्या कंपनीने १९५७ पासून याचे जागतिक तक्ते छापायला सुरुवात केली. जाड जागा आणि बारीक जागा, दोन्हींची नोंद तिथे दोष म्हणूनच होते.

मागासाठी हे रास्तही आहे. मागावरचा ताणा सतत ताणलेला असतो आणि फणीतून क्षणाक्षणाला घासला जातो. त्यात एक कच्ची जागा आली की धागा तुटतो, माग थांबतो. म्हणून तर गांधीजीही कातणाऱ्यांकडून सारख्या आणि बळकट सुताचा आग्रह धरत, आणि चांगल्या चरख्यासाठी १९२९ मध्ये एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. सुयांवरच्या विणकामाचं गणित वेगळं आहे. इथे धागा ताणून धरलेला नसतो. तो एका फासातून दुसऱ्या फासात वळत जातो आणि ओढ बसली तर फास थोडा उघडून ती शेजाऱ्याला देतो. ताण्यात एक तासही न टिकणारा धागा स्वेटरमध्ये वीस-तीस वर्षं नांदू शकतो. जाडबारीक धाग्याचं खरं घर सुयांवर आहे, असं मी म्हणते ते यामुळे.

आता या धाग्याच्या आत काय घडतं ते बघू. लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात ते पिळामुळे. धागा सगळीकडे सारखा जाड असेल तर पीळही सारखा पसरतो. जाडी बदलली की पिळाची वाटणी बदलते. शेतात पाणी सोडलं की ते आधी सखल वाफ्यात शिरतं, तसा पीळ बारीक जागी धावतो, कारण तिथे तंतू कमी आणि वळायला सोपे. परिणामी बारीक जागा कडक, घट्ट, दोरीसारखी होते आणि जाड जागा मऊ, फुगीर, जवळजवळ न कातलेली राहते. नवख्या माणसाला बारीक जागेची धास्ती वाटते. प्रत्यक्षात हाताने ओढून पाहिलं तर बरेचदा जाड जागाच सुटते : तंतू तुटत नाहीत, एकमेकांवरून घसरून वेगळे होतात. गोळे धरतात तेही तिथेच.

शिवाय असा धागा बहुधा एकपदरी असतो. दोन पदर उलट्या दिशेने एकत्र वळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि पिळाची ओढही एकमेकांत जिरते. एकपदरी धाग्यात ती ओढ शिल्लक राहते. पीळ जास्त पडला असेल तर साधं सुलट विणलेलं कापड चक्क एका बाजूला कलतं आणि स्वेटरची बाजूची रेष पोटावर येते. म्हणून कातणारीला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. तंतू धरून राहतील इतका पीळ, पण कापड फिरणार नाही इतकाच. काउइचन लोकर कातणाऱ्या बायकांना हा मध्य हाताने ठाऊक होता, आणि तो त्यांनी काही पिढ्या टिकवला.

व्हँकुव्हर बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, व्हिक्टोरियापासून उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवर डंकन नावाचं छोटं गाव आहे. ते काउइचन या कोस्ट सॅलिश समाजाच्या नावाच्या खोऱ्यात येतं. युरोपी लोक येण्याआधी इथल्या बायका डोंगरातल्या रानबकऱ्यांची झुडपांना अडकलेली लोकर गोळा करत, आणि खास लोकरीसाठी पाळलेल्या पांढऱ्या कुत्र्यांची लोकर कातरून तिच्यात मिसळत. कुत्र्याची लोकर हे वाचून आपण थबकतो, पण ही जात त्यांनी पिढ्यानपिढ्या निगुतीने जपली होती. जॉर्ज गिब्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकाकडे ‘मटन’ नावाचा असा एक कुत्रा होता. तो १८५९ मध्ये मेला आणि त्याचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राहिलं. २०२३ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही जात इतर कुत्र्यांपासून काही हजार वर्षं वेगळी राखली गेली होती, असं त्यातून दिसलं. आज ती जात उरलेली नाही.

ती का उरली नाही, याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. हडसन्स बे या व्यापारी कंपनीची तयार ब्लँकेटं आली हे एक कारण. १८६२ ची देवीची साथ आली आणि गावंच्या गावं ओस पडली. १८८५ पासून कॅनडाच्या सरकारने पॉटलॅच या समारंभावर कायद्याने बंदी घातली आणि ती १९५१ पर्यंत ठेवली. पॉटलॅचमध्ये ब्लँकेटं वाटली जात, त्यावर घराण्याची प्रतिष्ठा उभी असे. ज्या प्रसंगासाठी कातायचं तो प्रसंगच गुन्हा ठरला. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घालण्याचं धोरणही याच काळातलं. ज्या बायकांनी या सगळ्यातून कातण्याचा हात वाचवला, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मेंढ्या आल्या त्या गोऱ्या वसाहतीबरोबर. सिस्टर्स ऑफ सेंट ॲन या जोगिणी १८५८ मध्ये व्हिक्टोरियात पोचल्या, १८६४ मध्ये काउइचन खोऱ्यात त्यांनी शाळा काढली आणि मुलींना सुयांवर विणायला शिकवलं. रंगीत नक्षीची पद्धत कुणी आणली यावर एकमत नाही. शेटलंड बेटांवरून येऊन खोऱ्यात स्थायिक झालेल्या जेरिमिना कोल्व्हिन यांचं नाव घेतलं जातं. मला वाटतं, शिकवणाऱ्याचं नाव शोधण्याच्या नादात शिकणारीने काय केलं ते मागे पडतं. शेटलंडचा धागा बारीक, दुपदरी आणि त्यातली नक्षी नाजूक. कोस्ट सॅलिश बायकांनी ती पद्धत घेतली आणि तिच्यात आपला ब्लँकेटचा जाड धागा घातला. मग नक्षीही मोठी झाली : पाठभर पंख पसरलेला गरुड, देवमासा, सामन मासा आणि टोपल्यांवरच्या कोनांच्या पट्ट्या. रंग मेंढीचेच. पांढरा, करडा, तपकिरी, काळा.

हा धागा जाडबारीक व्हायचं कारण त्याच्या तयारीत आहे. लोकर धुवायची ती बेताने, आतला तेलकटपणा सगळा निघून जाणार नाही अशी. मग वाळवायची, बोटांनी मोकळी करायची, काडीकचरा वेचायचा, पिंजायची आणि तिचे लांब सैल पेळू ओढायचे. या कामाला घरातली पोरं, म्हातारी माणसं सगळी बसत. पेळू हाताने ओढला की एखाद्या जागी झुबका राहतोच. टकळीऐवजी पुढे एक वेगळंच यंत्र आलं. शिलाई मशीनचा पायट्याचा सांगाडा घ्यायचा, वरचं मशीन काढून टाकायचं आणि तिथे मोठ्या भोकाची चाती नि भलीमोठी फिरकी बसवायची. पायाने पायटा मारला की चाक फिरतं, भोकातून पेळू आत खेचला जातो आणि कातणारी दोन्ही हातांनी तो मागे धरून हळूहळू सोडते. भोक एवढं मोठं, की झुबका आला तरी अडकत नाही. आपल्याकडच्या चरख्यावर बारीक चातीच्या टोकाशी सूत सतत बारीक राखावं लागतं. या यंत्राने झुबक्याला आत यायची परवानगी दिली.

व्हँकुव्हरजवळ बर्नबीला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे असा एक जुना स्वेटर आहे, गळ्यातून घालायचा, तिने जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला. तो टेबलावर पसरून आम्ही एक दुपार त्याच्याकडे बघत बसलो. हातात घेताच पहिल्यांदा जाणवलं ते वजन. बाजूला शिवण नाही, धड गोल विणलेलं. बाह्यांचे टाके खांद्याच्या कडेवरून उचलून मनगटाकडे विणत नेलेले. यात मोठी सोय आहे. कोपर किंवा मनगट झिजलं की तेवढंच खालून उसवायचं आणि पुन्हा विणायचं, बाकी स्वेटरला हात लावायचा नाही. या स्वेटरचं डावं मनगट असंच दुरुस्त केलेलं होतं. नव्या भागाचा पांढरा रंग जुन्यापेक्षा किंचित उजळ आहे.

गळ्याची शालीसारखी दुमडलेली कॉलर सगळ्या ओळी सुलट विणून केलेली, म्हणून ती जाड आणि उभी राहणारी. पाठीवर गरुड. जवळून पाहिलं तर गरुडाच्या पंखाची कड सरळ नाही. जिथे काळ्या धाग्याचा झुबका आला तिथे टाका फुगून पांढऱ्यावर थोडा चढला आहे, जिथे धागा बारीक आहे तिथे पांढरा आत सरकला आहे. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं की ही कड स्थिर बसते आणि पंखाला हालचाल असल्याचा भास होतो. गिरणीच्या सारख्या लोकरीत तोच आलेख विणला तर चौकोनी पायऱ्या दिसतात.

मग आम्ही स्वेटर उलटा केला. दोन रंगांनी विणताना न लागणारा रंग मागून नेतात, आणि आपल्याकडे तीन-चार टाक्यांचा दोरा मागे मोकळा सोडतात. त्यात लहान मुलांची बोटं अडकतात, हे प्रत्येक आईला माहीत आहे. या स्वेटरच्या आत एकही मोकळा दोरा नव्हता. मागचा रंग प्रत्येक टाक्याबरोबर गुंफून नेलेला. म्हणजे कापड दुहेरी झालं, वारा अडला. शिवाय जाडबारीक धाग्याची कच्ची जागा एकटी पडत नाही, तिच्या पाठीशी दुसऱ्या रंगाचा धागा कायम असतो. तेलकटपणामुळे पावसाचा शिडकावा वरच्यावर राहतो. कोळी आणि लाकूडतोडे हे स्वेटर घालून कामावर जात ते उगाच नाही.

त्या दुपारनंतर मी जाडबारीक लोकर घेऊन विणायला बसले. जे समजलं ते इथे नोंदवते, कारण मराठीत याविषयी फारसं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही आणि आता ही लोकर आपल्या शहरांतल्या दुकानांतही दिसू लागली आहे.

सुई धाग्याच्या सगळ्यात जाड जागेच्या मानाने निवडावी, किंवा निदान सरासरीपेक्षा मोठी. बारीक जागेला शोभेल अशी सुई घेतली तर झुबका टाक्यातून बाहेर यायला नकार देतो आणि आपण तो ओढतो, तिथेच तंतू घसरतात. काउइचन स्वेटरमध्ये इंचाला साधारण तीन-साडेतीन टाके असतात, इतकी मोकळी वीण. माप घ्यायला चार बोटांचा तुकडा विणून भागत नाही. त्यात नेमका झुबक्यांचा पट्टा आला तर हिशोब एक येईल, बारीक पट्टा आला तर दुसराच. चांगला वीतभर चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा आणि मग आख्ख्या रुंदीचे टाके मोजून सरासरी काढावी.

नमुना साधा हवा. जाळीची वीण, वेण्या, बारीक पानंफुलं यांचा इथे निभाव लागत नाही, डोळ्याला नमुना दिसायच्या आत धाग्याचा चढउतार दिसतो. सगळ्या ओळी सुलट, किंवा एक सुलट एक उलट असा साबुदाण्याचा नमुना, हे दोन उत्तम. सुलट-सुलट विणीत झुबके दोन्ही बाजूंना वर येतात आणि मफलर कुठूनही सारखाच दिसतो. स्वेटर करायचा असेल तर एका वेळी दोन गुंडे घ्यावेत आणि दोन-दोन ओळींनी बदलावेत. एका गुंड्यात जाड जागा जास्त आणि दुसऱ्यात कमी, असं हातकताईत हमखास होतं. गुंडे बदलले की तो फरक अंगभर वाटला जातो, नाहीतर छातीवर आडवा पट्टा उमटतो.

धागा संपला तर नवा जोडायचा तो जाड जागी. दोन्ही टोकं मोकळी करावीत, एकमेकांवर ठेवावीत, थोडं पाणी लावून तळहातात जोरात चोळावीत. लोकरीचे तंतू आपोआप एकमेकांत गुंततात, गाठ लागत नाही. मात्र धुवायला सोपी व्हावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीला किंवा ॲक्रिलिकला हे जमत नाही. आणि तुकडे शिवताना याच धाग्याने शिवू नये. सुईच्या नाकातून आणि कापडातून वारंवार ओढताना जाड जागा विरून जाते. त्याच रंगाची साधी, गुळगुळीत दुपदरी लोकर घ्यावी.

सगळ्यात अवघड गोष्ट हाताची. आपला हात सारखेपणाला इतका सरावलेला असतो, की बारीक जागा आली की नकळत सैल सोडतो आणि जाड आली की आवळतो. हे थांबवावं लागतं. हाताची ओढ एकच ठेवायची आणि टाक्याला लहानमोठा होऊ द्यायचं. ते जमलं की कापडाला एक जिवंत पोत येतो. तो बघताना मला दर वेळी आनंद होतो. आत्याने हे कापड पाहिलं असतं तर तिने आधी नाक मुरडलं असतं आणि मग उलटं करून आतली बाजू तपासली असती, याची मला खात्री आहे.

पैशाची बाजू सांगितल्याशिवाय या स्वेटरची हकिगत पुरी होत नाही. क्रिस्टीन वेल्श यांनी २००० साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केलेला माहितीपट आणि सिल्व्हिया ओल्सन यांचं २०१० चं ‘वर्किंग विथ वूल’ हे पुस्तक, या दोन्हींत ती विस्ताराने आली आहे. लोकर विकत घेण्यापासून शेवटचा टाका बंद करण्यापर्यंतचं सगळं काम बाईच्या घरात व्हायचं, पण भाव दुकानदार ठरवायचा. बरेचदा स्वेटरच्या बदल्यात वाणसामान मिळे. कातण्याचा तास कुणी मोजला नाही. तशात १९५० च्या दशकात मेरी मॅक्सिम या कॅनडातल्याच कंपनीने जाड गिरणी-लोकर आणि छापील आलेख घरोघरी पोचवले, आणि काउइचन धाटणीचे स्वेटर कुणीही विणू लागलं. घरी आवडीने विणणाऱ्या बाईला दोष द्यायचं कारण नाही. पण हातकताईचा धागा बाजूला पडला की मूळ कारागिरणीकडे विकायला उरतं तरी काय?

काउइचन लोकांनी यावर कायद्याचा मार्ग धरला. १९९० च्या दशकात त्यांनी आपल्या नावाचं प्रमाणचिन्ह नोंदवलं. त्याच्या व्याख्येत स्वेटर कोस्ट सॅलिश माणसाने परंपरागत पद्धतीने हाताने विणलेला हवा, हे तर आहेच. लोकर न रंगवलेली आणि हाताने कातलेली हवी, हेही आहे. म्हणजे धाग्याचा जाडबारीकपणा कायद्याच्या कागदावर आला. गिरणीतल्या दोषाच्या नोंदीतून तो इथे ओळखीची खूण म्हणून पोचला, हा प्रवास मला मोठा वाटतो.

तरी २००९ मध्ये ठिणगी पडलीच. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक व्हायचं होतं आणि त्याच्या अधिकृत कपड्यांचं कंत्राट हडसन्स बे कंपनीकडे होतं. ज्या वर्षी तानाजींनी कोंढाणा घेतला त्याच १६७० मध्ये सनद मिळालेली ही कंपनी. तिने काढलेला स्वेटर काउइचनसारखा दिसणारा होता, काउइचन बायकांनी केलेला नव्हता. समाजाने आवाज उठवला, ऑलिंपिक मशालीच्या वाटेवर निदर्शनं करायची तयारी झाली, आणि अखेर कंपनीच्या व्हँकुव्हरमधल्या दुकानात अस्सल काउइचन स्वेटरही विक्रीला ठेवायचं ठरलं. २०११ मध्ये कॅनडाच्या सरकारने कोस्ट सॅलिश विणकरणींचं काम राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचं म्हणून जाहीर केलं. २०२५ च्या जूनच्या आरंभी हडसन्स बेची सगळी दुकानं बंद झाली. त्याच महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला झळकल्या आणि आपल्याकडे संताप उसळला. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. नाव नोंदवलेलं असणं आणि घाम गाळणाऱ्याच्या हाती पैसा येणं यांत किती अंतर असतं, ते दोन्हीकडे सारखंच दिसलं.

आज काउइचन खोऱ्यातही घरी लोकर धुऊन, पिंजून, कातणाऱ्या बायका कमी झाल्या आहेत. पुष्कळजणी गिरणीतून आलेला तयार पेळू वापरतात. त्याला अस्सल म्हणायचं का, यावर त्यांच्यातच मतभेद आहेत, आणि तो निर्णय त्यांनीच करायचा आहे. एवढं मात्र दिसतं, की विणण्याचा भाव थोडाफार सुधारला तरी कातण्याचा भाव वेगळा धरायची पद्धत तिथे रुजली नाही.

ती दक्षिण अमेरिकेत रुजली. उरुग्वेमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना रोजगार मात्र नव्हता. १९६८ मध्ये मॉन्टेव्हिडिओतल्या काही स्त्रियांनी ‘मानोस देल उरुग्वे’ ही संस्था काढली आणि गावोगावच्या बायकांच्या सहकारी संस्था तिला जोडल्या. त्यांची गाजलेली लोकर एकपदरी, हाताने कातलेली, जाडबारीक, आणि मोठ्या कढईत थोडी थोडी रंगवलेली. एकाच लडीत गडद आणि फिकट छटा येतात, कारण झुबक्यात रंग एक रीतीने मुरतो आणि कडक पिळाच्या जागी दुसऱ्या. प्रत्येक लडीच्या चिठ्ठीवर कारागिरणीचं आणि तिच्या गावाचं नाव असे. जगातल्या कुठल्याही शहरात ती लडी सोडताना विणणारीला माहीत असे, की हे झुबके कुणाच्या हातचे. या संस्थेने धागाच विकायला काढला, आणि म्हणून कातण्याच्या कामाला स्वतःची किंमत मिळाली.

हे वाचताना मराठी माणसाला घोंगडी आठवल्याशिवाय राहणार नाही. धनगरांनी कातरलेली दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर, घरातल्या बायकांनी टकळीवर किंवा चरख्यावर काढलेलं सूत, सनगरांचा खड्ड्यातला माग. तेही सूत जाडबारीकच. ते ताण्यात टिकावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात, तंतू चिकटून राहतात आणि मग फणीची घासाघीस ते सहन करतं. काउइचन बायकांनी मागून दुसरा धागा गुंफून जे साधलं, ते आपल्या लोकांनी चिंचोक्याने साधलं. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी सर्वांत मऊ आणि सर्वांत मानाची.

दख्खनी लोकर मुळात भरड आहे, तिच्यात केसही असतात. तिचा स्वेटर अंगाला टोचेल, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. पण मोठ्या सुयांवर विणलेली पिशवी, आसन, जमिनीवरची बैठक, भिंतीवरचा पडदा यांना हाच भरडपणा उपयोगी पडतो. मी तिची थोडी विणून पाहिली आहे. सूत बोटांना खरखरीत लागतं, पण कापड असं उभं राहतं, की पिशवीला आतून अस्तर लावावं लागत नाही. काळ्या लोकरीत मधूनच येणारे करडे केस कुठल्याही रंगाऱ्याला जमणार नाहीत असे दिसतात.

आज अनेक मेंढपाळांना कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. घेणारा नसला की लोकर रानात टाकून द्यावी लागते. मेंढी मटणासाठीच पाळायची तर अंगावर लोकर नसलेली जात बरी, असा विचार कळपात शिरला आहे, आणि तो करणाऱ्याला बोल लावता येत नाही. पुण्या-मुंबईत आणि परदेशात लोकर विणणाऱ्या मराठी बायका हजारोंनी असतील, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणी परदेशी हातकताईच्या एका लडीला हसत हसत भरपूर पैसे मोजतात. दख्खनी सुताची शंभर ग्रॅमची लडी, तिच्यावर कातणारीचं नाव आणि गाव, आणि किंमत लोकरीच्या वजनावर न ठरवता तिच्या कातण्याच्या तासांवर ठरवलेली, असं काही दुकानात आलं तर मी पहिली गिऱ्हाईक असेन. अशी लडी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या ज्या बायका आजही कातू शकतात त्यांच्याकडूनच यायला हवी, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींनी आता साठी ओलांडली आहे.